एक जूनची माणसं

झुल्फिकारला पक्कं ठाऊक होतं, अडवलं तर आपल्यालाच अडवणार. भोरमधल्या त्याच्या आळीतही याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. अमेरिकेतल्या त्या दोन इमारती पडून तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून कुणाच्या चुलतभावाला कुठल्या विमानतळावर किती वेळ बसवून ठेवलं, याच्या गोष्टी चहाच्या टपरीवर रोज नव्यानं निघत. अशात दूध संघाच्या अभ्यासदौऱ्यात त्याचं नाव लागलं आणि दौरा निघाला थेट न्यूझीलंडला.

त्याची बायको समीना रोज एक सूचना काढायची. "दाढी बारीक करा. कुणी काय विचारलं तर आधी हसा, मग बोला." दुसऱ्या दिवशी त्यातच दुरुस्ती व्हायची. "लई पण हसू नका. उगं दात काढणाऱ्याचा जास्त संशय येतो."

झुल्फिकारनंही तयारीत कसूर ठेवली नव्हती. प्लॅस्टिकच्या फायलीत त्यानं संघाचं पत्र घातलं, टेम्पोचं आरसी बुक घातलं, मस्कतला ज्या कंपनीत गाडी चालवली होती तिचा दाखला घातला आणि सगळ्यांच्या वर संघाच्या मेळाव्यात पहिल्या आलेल्या म्हशीशेजारी उभं राहून काढलेला फोटो ठेवला.

"फोटो कशाला?" समीनानं विचारलं.

"म्हशीशेजारी उभा असलेला माणूस कुणाला वाईट वाटंल का?" तो म्हणाला.

दौऱ्यात पाचजण होते. झुल्फिकार संघाचा दूधवाला टेम्पो चालवायचा. वेल्ह्याच्या वाड्यावाड्यांतून कॅन गोळा करून शिवऱ्याच्या शीतकरण केंद्रावर आणायचा, त्यामुळं बाकीचे चौघं त्याच्या रोजच्या उठण्याबसण्यातले. ठकुबाई ही पानशेतच्या खालच्या अंगाला डोंगरात असलेल्या वाडीची, महिला दूध सोसायटीची अध्यक्ष. दौऱ्यासाठी संघानं खरं तर तिलाच निवडलं होतं. बायको एकटी इतक्या लांब कशी जाणार, असं म्हणत तिचा नवरा कुंडलिक मागं लागला आणि त्याचंही नाव घुसलं. तिसरा त्यांच्याच वाडीतला, भावकीतला ज्ञानू. हा माणूस दिवसातून चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली दोन बैलाशी. आणि सगळ्यांच्या पुढं हनुमंतराव. शिवऱ्याचे, संघाचे संचालक, दौऱ्याचे प्रमुख. त्यांनी प्रवासासाठी नवा सफारी शिवला होता आणि खिशाला संघाचा बिल्ला लावला होता.

हनुमंतरावांच्या हातातल्या बॅगेत शाली आणि नारळ होते. तिथले गोठेवाले आपलं स्वागत करणार, तर आपणही रिकाम्या हातानं जायचं नाही, हा त्यांचा विचार. "आपल्या येण्याचं त्यांना कळवलेलं आहे," ते मुंबईच्या वाटेवर गाडीत पुन्हा पुन्हा सांगत होते. "तिथं सगळी व्यवस्था आहे. तुम्ही फक्त माझ्या मागं चालायचं."

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं एकेकाचा पासपोर्ट एका यंत्रातून सर्रकन ओढला. ठकुबाईनं मान उंचावून बघितलं.

"काय करती गं ही?" तिनं झुल्फिकारला विचारलं.

झुल्फिकारनं हिंदीतून चौकशी केली. मुलगी म्हणाली, तुमची माहिती पुढं पाठवते, तुम्ही पोचायच्या आधी तिकडच्या इमिग्रेशनला मिळते. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, सगळं.

झुल्फिकारनं मनाशी हिशेब केला. म्हणजे आपलं नाव आपल्याआधी जाणार. आपण विमानात बसून हसायची तालीम करणार आणि तिकडं कुणीतरी आधीच कपाळाला आठ्या घालून वाट बघत बसणार. त्यानं दाढीवरून हात फिरवला.

कुंडलिकला मात्र हे फार आवडलं. "बघा, आमी हवेत असतानाच आमची वर्दी पोचणार," तो ज्ञानूला म्हणाला. ज्ञानूनं मान हलवली.

विमानात हनुमंतरावांनी चौघांना आणखी एक ताकीद देऊन ठेवली. "तिकडं कुणी काय विचारलं तर पासपोर्टावर जे आहे तेच सांगायचं. एक अक्षर इकडंतिकडं करायचं नाही. सरकारी कागद आहे." कुंडलिकनं ते मनावर घेतलं. त्याच्या मनावर एखादी गोष्ट बसली की ती उपटून काढायला जेसीबी लागायचा.

सिंगापूरला विमान बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑकलंडला उतरले. विमानाच्या दारातून बाहेर आल्यावर एक लांब बोळ होता, आणि त्या बोळाच्या तोंडाशी निळ्या गणवेशातली एक उंच बाई आणि तिच्यापेक्षाही उंच एक माणूस उभा होता. बाईच्या हातात कागद होता. झुल्फिकार तिथंच थांबला. आली आपली घटका, असं म्हणून त्यानं फाईल छातीशी धरली, म्हशीचा फोटो वर करून घेतला आणि समीनानं सांगितल्याप्रमाणं बेतानं हसला.

बाईनं वाचायला सुरुवात केली. "मिस्टर कून-डाऽलिक." मग "मिसेस थाकू-बाय." मग "मिस्टर डिन्यानू" आणि शेवटी "मिस्टर हानू-मंट." आडनावांचा तर तिनं पार भुगा केला. पण नावं तीच होती. एवढी चार नावं वाचून तिनं कागदाची घडी केली.

झुल्फिकार हसतच राहिला. हसू कुठं ठेवायचं ते त्याला समजेना.

"बघा की!" कुंडलिक ओरडला. "नावानिशी न्यायला आल्यात! आख्ख्या विमानातनं आपल्यालाच!"

हनुमंतरावांना तर हे अपेक्षितच होतं. त्यांनी सफारी खाली ओढला, बॅगेची चेन उघडली आणि कुणाला काही कळायच्या आत पुढं होऊन त्या बाईच्या खांद्यावर शाल टाकली. दोन्ही टोकं पुढं नीट ओढून घेतली. मग तिच्या हातात नारळ दिला आणि घसा साफ करून इंग्रजीत म्हणाले, "ऑन बिहाफ ऑफ दूध संघ..."

बाईसोबतच्या माणसाचा हात कमरेच्या वायरलेसवर गेला. बाई नारळाकडं बघत होती. विमानातून उतरणारे लोक वळून वळून बघत होते. मागून ठकुबाईनं हळूच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण शाल घातली की टाळ्या वाजवायच्या असतात, हे तिला संघाच्या मेळाव्यांमुळं पाठ होतं. ज्ञानूनंही वाजवल्या.

मस्कतमध्ये राहिलेल्या झुल्फिकारला गणवेशातली माणसं कागदावरून नाव वाचतात तेव्हा काय असतं, हे चांगलं माहीत होतं. "हनुमंतराव," तो कुजबुजला, "ही सत्काराची माणसं न्हाईत."

हनुमंतरावांनी मायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचं नाव आलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, झुल्फिकारभाई. अशा ठिकाणी पदाधिकाऱ्यांनाच बोलावतात. तुम्ही मागनं या." आणि चौघंही त्या दोघांबरोबर मिरवणुकीत चालावं तसे निघून गेले.

झुल्फिकार पासपोर्टच्या रांगेत उभा राहिला. घामानं फाईल हाताला चिकटली होती. काउंटरवरच्या टकल्या माणसानं त्याचा पासपोर्ट घेतला, पडद्यावर एक नजर टाकली, शिक्का मारला आणि म्हणाला, "एन्जॉय युवर स्टे."

झुल्फिकार हलला नाही. त्यानं फाईल काउंटरवर ठेवली.

"दॅट्स ऑल, सर," तो माणूस म्हणाला.

"फोटो?" झुल्फिकारनं म्हैस पुढं केली.

त्या माणसानं फोटो पाहिला. "नाइस काऊ," तो म्हणाला आणि मागच्या माणसाला बोलावलं.

रात्र रात्र जागून अभ्यास करावा आणि परीक्षेत गुरुजींनी नुसतंच पास म्हणून घरी पाठवावं, तसं झुल्फिकारचं झालं. आधी अंग एकदम हलकं वाटलं. नंतर थोडी चुटपुट लागली, की म्हणजे इतके दिवस आपण ज्याला घाबरलो ते एवढंच? आणि मग लक्षात आलं की ज्यांच्याकडं जन्मात कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही, ज्यांना वेल्ह्याच्या कचेरीतला शिपाईसुद्धा अडवत नाही, त्यांना आत नेलंय आणि आपण बाहेर उभे आहोत. क्षणभर त्याला याची गंमत वाटली. गंमत वाटली याची लाजही लगेच वाटली. त्यानं पाठ फिरवली आणि आलेल्या वाटेनं उलटा चालू लागला.

"सर, तुम्ही बाहेर जाऊ शकता," एका रखवालदारानं त्याला अडवलं.

"नो गो," झुल्फिकार म्हणाला. "माय पीपल इनसाइड."

रखवालदारानं समजावलं, झुल्फिकारनं मान हलवली. रखवालदारानं दार दाखवलं, झुल्फिकारनं चौघांना नेलं होतं त्या खोलीकडं बोट दाखवलं. बाहेर जायला तयार नसलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्या रखवालदाराला कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं. शेवटी त्यानं त्याला खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसू दिलं.

खोलीला काच होती. आतलं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. हनुमंतराव उभे राहून हातवारे करत होते. कुंडलिक छाती काढून बसला होता. मघाची बाई त्यांच्यासमोर बसली होती आणि आतला एसी कडक असावा, कारण तिच्या खांद्यावर शाल अजून तशीच होती. तेवढ्यात हातमोजे घातलेला एक माणूस आला; बाहेरचं फळ आत आणायला त्या देशात बंदी होती. त्यानं टेबलावरचा नारळ दोन बोटांत धरून जाड पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं आणि विंचू बाहेर नेऊन टाकावा तसा हात लांब धरून घेऊन गेला. कुंडलिक त्या नारळाकडं दार बंद होईपर्यंत बघत राहिला.

थोड्या वेळानं दार उघडलं. बाईसोबतच्या उंच माणसानं झुल्फिकारला मदतीला बोलावलं. झुल्फिकार आत गेला.

टेबलावर स्पीकर लावलेला फोन होता आणि त्यातून एका बाईचा आवाज येत होता. ती दुभाषी होती. नाव अश्विनी, मूळची साताऱ्याकडची, आता त्याच देशात दुसऱ्या गावी राहणारी. अधिकारी बाई इंग्रजीत विचारायची, अश्विनी मराठीत सांगायची.

"झुल्फिकारभाई, बसा," ठकुबाई म्हणाली. "ही बया आमाला मगाधरनं एकच इचारतीया."

"काय इचारतीया?"

"जलम कधीचा."

आता झुल्फिकारला हळूहळू उलगडा होऊ लागला. अधिकारी बाईनं तीन पासपोर्ट शेजारी शेजारी मांडले होते. कुंडलिक, एक जून एकोणीसशे एकसष्ट. ठकुबाई, एक जून एकोणीसशे एकसष्ट. ज्ञानू, एक जून एकोणीसशे एकसष्ट. चौथा हनुमंतरावांचा, साल वेगळं पण तारीख एक जूनच. व्हिसा देताना प्रत्येकाचा अर्ज वेगवेगळा गेला होता, तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. मुंबईहून विमान कंपनीनं चौघांची माहिती एका झटक्यात पाठवली, आणि ही मंडळी ढगात बसून डाळभात खात होती तेव्हा इथल्या कॉम्प्युटरनं चारी तारखा एकाखाली एक लावून पाहिल्या. एकाच भागातली माणसं, एकाच आठवड्यात काढलेले पासपोर्ट, एकच जन्मदिवस. कॉम्प्युटरला घाम फुटला.

त्यात चेहरे. कुंडलिकची मिशी पांढरी झाली होती, ज्ञानूच्या डोक्यात एक केस पिकलेला नव्हता आणि कागद म्हणत होता दोघं एका दिवसाचे.

"मॅडम विचारतायत," फोनमधून अश्विनी म्हणाली, "तुम्ही तिघं एकाच आईची मुलं आहात का? म्हणजे तिळी?"

"श्या!" कुंडलिक ताडकन म्हणाला. "ही माजी बायको हाय."

अश्विनीनं ते सांगितलं. बाईनं लिहिलं. "लग्नाआधी तुमचं काही नातं होतं का?"

"मामाची पोरगी."

हे इंग्रजीत गेलं तेव्हा बाईचं पेन थांबलं. तिनं सोबतच्या माणसाकडं पाहिलं. "आणि हे तिसरे?"

"ज्ञानू? भावकीतला."

"भावकी म्हणजे भाऊ?"

"भावासारकाच की."

बाईनं भाऊ असं लिहिलं. कागदावर एव्हाना असं घर तयार झालं होतं की त्यात बहीण, बायको, भाऊ आणि जुळी सगळी एकातच होती. झुल्फिकारनं खुर्ची पुढं ओढली. "तात्या," तो कुंडलिकला म्हणाला, "खरं सांगून मोकळं व्हा ना. गुरुजींचं सांगा."

"म्या पासपोर्टावर हाय तेच सांगणार," कुंडलिक म्हणाला. "सरकारी कागुद खोटा म्हनू? मंग तर आतच टाकतील."

हनुमंतरावांनी मान डोलावली, पण आता त्या मानेत दम नव्हता. त्यांच्या खिशावरचा बिल्ला तिरका झाला होता.

शेवटी झुल्फिकारनंच आपल्या मस्कतच्या इंग्रजीत तोंड उघडलं. "मॅडम, स्कूल मास्टर. ऑल बर्थडे, स्कूल मास्टर मेकिंग."

"तुमच्या गावात किती लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो?" बाईनं विचारलं.

"ऑलमोस्ट ऑल," झुल्फिकार प्रामाणिकपणे म्हणाला.

बाई खुर्चीत पुढं सरकली. "आणि ते सगळे इकडं यायच्या विचारात आहेत का?"

"नो नो, मॅडम! हाऊ कम? दे हॅव बफेलो!"

फोनमधून एक विचित्र आवाज आला. अश्विनीनं बहुधा तोंडावर हात दाबला होता.

ठकुबाई आता मात्र वैतागली. तिला विमानात झोप लागली नव्हती, चहा मिळाला नव्हता आणि चूळ भरायला जागा सापडली नव्हती. "अवो, तुमी गप बसा जरा," ती नवऱ्याला म्हणाली आणि फोनकडं वळली. "बाई, तुमी त्यांना नीट सांगा. आमच्या दोन वाड्यांत मिळून एकच शाळा. पोरं कोन यीना. मंग साहेब तपासनीला येनार म्हनल्यावर गुरुजी डोंगरात फिरले आन् दिसंल ते पोरगं धरून आनलं. ह्ये तवा गुरं राखत व्हते, मिसरूड फुटायला आलं व्हतं. ज्ञानूला त्याच्या आईनं काखंत आनला, शेंबूड पुसत. मी मधली. गुरुजींनी सगळ्यांस्नी एका वळीत बसवलं आन् सगळ्यांची एकच तारीख लिवली. त्यांचा तरी काय दोस? आमच्या आयांना कुठं तारखा ठावं होत्या?"

अश्विनीनं सगळं सांगितलं. ती सांगत असताना बाई कुंडलिककडं बघत होती, मग ज्ञानूकडं. ज्ञानूनं नकळत नाक पुसलं.

"मग तुमचा खरा जन्म कधीचा?" बाईनं ठकुबाईला विचारलं. "काहीतरी खूण असेल ना?"

"माजा?" ठकुबाई म्हणाली. "माजा तर सगळ्या जिल्ह्याला म्हाईत हाय. पानशेतचं धरान फुटलं त्याच दिवशी. आई नऊ म्हयन्यांची. खालनं पानी गरजतंय म्हनून मानसं डोंगरावर पळाली, ती बी पोट धरून चढली. वर धनगराचा एक वाडगा व्हता, मेंढरांचा. तिथं झाले मी. खाली पानी, वर पाऊस आन् कडंनी मेंढरं. आई म्हनायची, समदी मेंढरं एकदम गप झाली व्हती."

अश्विनी हे इंग्रजीत सांगताना तिचा आवाज जरा हळू झाला. अधिकारी बाईनं कॉम्प्युटर आपल्याकडं ओढला. टक्‌टक् केलं. पडद्यावर वाचत बसली. मग तिनं पडदा ठकुबाईकडं फिरवला. जुना फोटो होता, फुटलेल्या बांधाचा. बारा जुलै एकोणीसशे एकसष्ट.

ठकुबाईनं फोटोला हात लावला. "ह्येच," ती म्हणाली. "आईनं सांगितलं व्हतं तस्संच."

बाईनं खांद्यावरची शाल जरा आवळून घेतली.

मग कुंडलिकच्या डोक्यात काहीतरी उगवायला लागलेलं दिसलं. "थांब, थांब," तो म्हणाला. "म्हंजे मी तुज्यापरास मोठा?"

"मंग? माज्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्याता तुमी. आत्याबाईच सांगायच्या."

"आन् इतकी वर्सं मला म्हंतीस, आपन एका वयाचं, कामं बी निम्मी निम्मी!"

"कागदावर हाय एका वयाचं," ठकुबाई शांतपणे म्हणाली. "सरकारी कागुद खोटा म्हनता काय?"

आता अश्विनीला राहवलं नाही. ती फोनमध्ये खळखळून हसली, मग सॉरी म्हणाली, मग पुन्हा हसली. नंतर इंग्रजीत अधिकारी बाईला म्हणाली की दुभाष्यानं स्वतःचं काही बोलू नये असा नियम आहे, पण माझ्या सासऱ्यांचीही जन्मतारीख एक जूनच आहे. त्यांच्या दोन्ही भावांचीही. आणि तिन्ही भाऊ तीन वेगळ्या ऋतूंत जन्मलेले आहेत.

बाईनं आपल्या वरिष्ठाला बोलावलं. तो आला, सगळं ऐकलं, कॉम्प्युटरवर बसला आणि या मंडळींच्या भागातून यापूर्वी कोण कोण येऊन गेलं ते त्यानं काढून बघितलं. बघता बघता त्यानं एक शीळ घातली. एक जून, एक जून, एक जून. शेतकरी, मास्तर, कुणाचे सासू-सासरे, एक रिटायर फौजदार. एकेकटे आले होते म्हणून कुणाला दिसले नव्हते. त्यानं डोकं खाजवलं, बाईला काहीतरी म्हणाला आणि हसत हसत निघून गेला. मग बाईनं ज्या गोठेवाल्याकडं मंडळी जाणार होती त्याला फोन लावला. तो बाहेर येऊन कधीचा ताटकळत उभा होता.

चारी पासपोर्टवर शिक्के पडले.

"बाई, एक सांगा," ठकुबाईनं निघताना फोनला विचारलं. "आमी यायच्या आदी ह्यांना समदं कसं काय कळलं?"

अश्विनीनं मुंबईच्या काउंटरवरच्या यंत्राची गोष्ट पुन्हा समजावून सांगितली.

"हात्तिच्या," ठकुबाई म्हणाली. "ह्यात काय नवल? येल्ह्याच्या स्टँडवर कोन यष्टीतनं उतरलं तर त्ये वाडीत पोचायच्या आदी समद्यांना ठावं असतं, कोन आलंय, कुनाकडं आलंय आन् पिशवीत काय हाय."

अधिकारी बाई शाल काढून हनुमंतरावांना परत द्यायला लागली. हनुमंतराव संकोचून मागं सरकले. इतक्या वेळात ते प्रथमच गोंधळलेले दिसत होते.

"ठेवा वो," ठकुबाईनं तिच्या खांद्यावर शाल पुन्हा नीट घातली आणि वरून थापटली. "दिलेली शाल कोन माघारी घेतं का? थंडी हाय हितं." फोन एव्हाना ठेवला होता, भाषांतर करायला कुणी नव्हतं, पण बाईला कळलं. तिनं हात जोडले. जरा वाकडेच जोडले.

बाहेर येताना कुंडलिक सगळ्यांच्या मागं रेंगाळत होता. एका दमात कितीतरी वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. झुल्फिकारनं त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"झुल्फिकारभाई," कुंडलिक म्हणाला, "तुमी सुटला व्हता. निघून जायचं की बाहीर."

"एकटा जाऊन काय करू तात्या? गाईबरोबर मराठीत बोलू?"

"आन् तुमची तारीख कशी काय खरी निघाली?"

"आमच्या आब्बांनी दुसऱ्याच दिवशी भोरच्या नगरपालिकेत जाऊन नोंद केली होती. त्यांना हौस होती असल्या गोष्टींची." झुल्फिकारला फायलीची आठवण झाली. ती आतच बाकड्यावर राहिली होती, म्हशीसकट. परत जावं का, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो सोडून दिला. ज्याला सापडेल त्यानं बघावी.

गोठेवाला लालबुंद चेहऱ्याचा, गुडघ्यापर्यंत बूट घातलेला माणूस होता. त्यानं सगळ्यांना व्हॅनमध्ये घातलं. वाटेत हनुमंतराव खिडकीबाहेर बघत होते. हळूहळू त्यांचा बिल्ला सरळ झाला आणि शेत येईपर्यंत तर ते पुन्हा दौऱ्याचे प्रमुख झाले होते. "बरं का," ते म्हणाले, "हा देश काटेकोर आहे. असंच पाहिजे."

शेतावर दुपारचं ऊन पडलं होतं. चहूकडं हिरवेगार उतार आणि त्यावर इतक्या गाई की ठकुबाईनं मोजायचं सोडून दिलं. राखणारा कुणी नाही, दावं नाही, घंटा नाही. गोठेवाल्यानं एका गाईला थोपटून जवळ घेतलं आणि तिच्या कानातला पिवळा बिल्ला दाखवला. त्यावर आकडे होते. झुल्फिकारनं विचारून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं.

"हिचा नंबर हाय ह्यो. घरात कॉम्प्युटरवर घातला की हिची समदी माहिती निघती. आई कोन, बाप कोन आन् जन्मतारीख."

"गाईची जन्मतारीख?" कुंडलिकनं विचारलं.

"प्रत्येकीची. म्हंतोय, एक बी गाय चुकत न्हाई."

कुंडलिकनं त्या गाईकडं बराच वेळ बघितलं. गाय रवंथ करत त्याच्याकडं बघत राहिली. "मंग हिला विमानात बसायला काय अडचन न्हाई," तो म्हणाला.

झुल्फिकारला मात्र बिल्ल्यावर विश्वास ठेवणं जमेना. गुराचं वय कानावरून बघायचं, ही कसली रीत? त्यानं बाह्या सारल्या, गाईच्या नाकात बोटं घालून तोंड वर केलं, ओठ मागं सारून दात बघितले आणि खात्रीनं म्हणाला, "सहादाती. चार वर्सांची हाय, एक दिवस कमी न्हाई." गोठेवाल्यानं हातातल्या यंत्रावर नंबर दाबला, पडद्याकडं बघून मान हलवली आणि दोन बोटं वर केली. दोन वर्षांनी चुकलं होतं.

"जास्ती का कमी?" ठकुबाईनं विचारलं.

ते झुल्फिकार सांगणार, एवढ्यात गाईनं मान झटकली आणि त्याच्या नव्या शर्टाची बाही तोंडात धरली. तो "सोड, सोड" म्हणत मागं ओढतोय, गाय पुढं ओढतेय, गोठेवाला इंग्रजीत ओरडतोय, आणि ज्ञानू, ज्यानं मुंबई सोडल्यापासून तोंड उघडलं नव्हतं, तो पुढं झाला आणि गाईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "हॉ, बाय, हॉ. सोड त्याला."

गाईनं सोडलं.